फळ्यावर न लागणारा भाव

कोल्हापूरच्या गुजरीत सकाळी दुकानं उघडली की आधी सोन्याचांदीचा दर फळ्यावर चढतो, मग गिऱ्हाईक. हुपरीत पैंजण घडवणाऱ्या कारागिराला दिवसभर चांदीच्या दराची खबर असते. मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा दर चारचौघांच्या देखत, मोठ्यानं बोलून ठरतो. शिरोलीतला फाउंड्रीवाला पिग आयर्न आणि भंगाराचा भाव विचारल्याशिवाय कास्टिंगचं कोटेशन देत नाही. भाव असा उघड्यावर ऐकायची सवय असलेल्या गावात मी वाढले. त्यामुळे टँटलम नावाच्या धातूशी कामातून ओळख झाली, तेव्हा मला सगळ्यात जास्त अडला तो त्याचा बाजार.

या धातूचा भाव कुठल्याही फळ्यावर लागत नाही. लंडनच्या धातूबाजारात तांबं, जस्त, शिसं, कथील, निकेल, ॲल्युमिनियम यांचे सौदे रोज होतात, जगभर त्यांचे आकडे जातात. टँटलम तिथं नाही. त्याचा वायदाही कुठं होत नाही. खाणवाला, मधला व्यापारी आणि शुद्धीकरणाचा कारखाना यांच्यात करार होतात आणि ते त्यांच्यातच राहतात. बाहेर येतो तो धंद्यातली पत्रकं चार माणसांना विचारून छापतात तो अंदाज. तोही धातूचा नसतो. खनिजात टँटलमचं ऑक्साइड किती आहे, त्या ऑक्साइडच्या वजनावर तो सांगितला जातो.

आमचं काम मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक कार्डांच्या दुरुस्तीचं. दुकान उद्यमनगरात. सीएनसी मशीनचे ड्राइव्ह, पॉवर सप्लाय, इचलकरंजीच्या रॅपियर मागांची कंट्रोल कार्डं आमच्या टेबलावर येतात. जवळपास प्रत्येक जुन्या कार्डावर कुठं ना कुठं एक पिवळट चौकोनी तुकडा बसलेला असतो, एका टोकाला गडद पट्टी असलेला. लहान असेल तर ३.२ मिलिमीटर लांब आणि १.६ रुंद, मोठा असेल तर ७.३ बाय ४.३. हा टँटलम कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. त्याआधीच्या पिढीतल्या कार्डांवर तो थेंबाच्या आकाराचा, दोन पायांचा असायचा. जगात निघणाऱ्या टँटलमचा मोठा हिस्सा या कपॅसिटरांतच जातो.

माझे वडील फाउंड्रीत मोल्डर होते. आयुष्यभर लोखंड ओतताना बघितलेला माणूस. मी हा धातू त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्यो वितळतो किती डिग्रीला?"

"३,०१७ डिग्री सेल्सिअसला, आबा."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. आमच्याकडचं ओतायचं लोखंड १,४०० अंशांच्या आसपास असतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. म्हणाले, "मग त्यो ओतत्यात तरी कशात? भट्टीच वितळंल की."

यापेक्षा नेमका प्रश्न मला पुस्तकांतही सापडला नाही. टँटलम सहसा ओततच नाहीत. आधी त्याची पूड करतात. ठोकळा हवा असेल तर निर्वात पोकळीत, पाण्यानं थंड ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडून तो वितळवतात. निर्वात पोकळी लागते, कारण हा धातू तापला की हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन अधाशासारखा शोषून घेतो आणि ठिसूळ होतो. आबांना ते भांडं तांब्याचं असतं हे शेवटपर्यंत पटलं नाही. १,०८५ अंशांला वितळणाऱ्या तांब्यात ३,००० अंशांचा धातू राहतोच कसा, हे ते पुन्हा पुन्हा विचारत. मी वहीत आकृती काढून दाखवायची: खालून पाणी सतत फिरतंय, भांड्याला लागून असलेला थर लगेच गोठतोय, आणि टँटलम आपल्याच गोठलेल्या थरात वितळतंय.

कपॅसिटरसाठी मात्र पूडच लागते. ती एका बारीक टँटलमच्या तारेभोवती दाबतात आणि निर्वात भट्टीत इतकीच तापवतात, की कण एकमेकांना चिकटावेत पण वितळून एक होऊ नयेत. राजगिऱ्याच्या लाडवात दाणे जसे टोकाटोकाला धरलेले असतात आणि आत सगळीकडे पोकळी राहते, तशी ती गोळी होते. या पोकळीतच सगळी गोम आहे. बारीक पूड घेतली तर एका ग्रॅममध्ये काही चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. मग ती गोळी एका द्रावणात बुडवून विजेचा दाब देतात. प्रत्येक कणावर टँटलम ऑक्साइडचा पातळ थर चढतो, दर व्होल्टमागे सुमारे २ नॅनोमीटर. १०० व्होल्ट दिले तर २०० नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा काहीशे पटींनी पातळ. वीज साठते ती या थराच्या दोन बाजूंना. थर जितका पातळ आणि पृष्ठभाग जितका मोठा, तितकी साठवण जास्त. उरलेल्या पोकळीत मँगनीज डायऑक्साइड किंवा वीजवाहक पॉलिमर भरतात, वरून ग्रॅफाइट आणि शेवटी चांदी. हो, चांदीच. आमच्या टेबलावरच्या त्या पिवळ्या तुकड्यात हुपरीच्या ओळखीचा धातूही असतो.

हेच काम ॲल्युमिनियम करतो आणि स्वस्तात करतो. कार्डांवरचे उभे गोल डबे त्याचेच. आमच्या जिल्ह्यात टँटलम निघत नाही. तो सापडतो ग्रॅनाइटच्या सोबतीनं येणाऱ्या पेग्मटाइट खडकात, आणि आपल्या पायाखाली तर बहुतेक काळा बेसाल्ट. पण ॲल्युमिनियमचं मूळ, बॉक्साइट, राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडच्या सड्यांवर आहे. कित्येक वर्षं ते उकरलं जातंय आणि ट्रकनं बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याकडे जातंय. मग टँटलमची गरज काय? एक तर त्याचं ऑक्साइड ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या जवळजवळ तिप्पट चांगलं काम करतं, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त साठवण. दुसरं, ॲल्युमिनियमच्या डब्यात ओलं द्रावण असतं, ते वर्षानुवर्षं गरम मशीनमध्ये राहून सुकतं. टँटलमच्या पोटात सुकायला काही नसतं. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या मशीनचं कार्ड उघडलं की डबे फुगलेले दिसतात आणि पिवळे तुकडे जसेच्या तसे. एखादी वस्तू इतकी वर्षं गप्प राहून काम करते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

त्याचा एक गुण मला फार आवडतो. थरात कुठं बारीक दोष असेल तर तिथून प्रवाह गळतो, ती जागा तापते, आणि त्या तापानं शेजारचं मँगनीज डायऑक्साइड बदलून जास्त रोध असलेल्या दुसऱ्या ऑक्साइडमध्ये जातं. गळती आपोआप बंद होते. जखम आतल्या आत भरून येते. मात्र प्रवाह एकदम मोठा आला तर हाच धातू पेट घेतो, आणि मँगनीज डायऑक्साइड त्याला जळायला ऑक्सिजन पुरवतं. म्हणून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना दोन गोष्टी पहिल्या दिवशीच सांगाव्या लागतात. १२ व्होल्टच्या लाइनवर १६ चा टाकू नका, २५ किंवा ३५ चाच टाका. आणि पट्टी बघा: ॲल्युमिनियमच्या डब्यावरची पट्टी मायनसची, टँटलमवरची पट्टी प्लसची. दोन्ही शेजारी शेजारी बसतात आणि दोन्हींच्या खुणा उलट आहेत. उलटा बसलेला टँटलम वीज दिल्याबरोबर धडाकतो. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय मी कुणाला दुरुस्त केलेलं कार्ड चालू करू देत नाही.

कोल्हापुरात टँटलम आणखी एका वाटेनं येतो आणि ती वाट कार्डांपेक्षा जुनी आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही शेडमध्ये लेथवर किंवा सीएनसीवर धातू कापायला जी टिप लावतात, ती कार्बाइडची, म्हणजे धातू आणि कार्बनच्या कडक संयुगाची. मूळ कार्बाइड टंगस्टनचं, बांधणारा धातू कोबाल्ट. पण स्टील कापायच्या टिपेत टंगस्टन एकटा टिकत नाही. गरम स्टीलची चिप टिपेच्या पाठीवरून घासत जाते आणि तिथं खड्डा पाडते. त्यासाठी टिटॅनियमचं आणि टँटलमचं कार्बाइड मिसळतात. टँटलम कार्बाइड ३,८०० अंशांच्याही आसपास वितळतं, कापताना टिप लालभडक झाली तरी कडक राहते. डब्यावर निळी खूण असलेली टिप स्टीलची, लाल खुणेची कास्ट आयर्नची. आमच्याकडचं बहुतेक काम कास्ट आयर्नचं, आणि लाल खुणेच्या टिपेत टँटलम अगदी कमी किंवा नसतोच. पण शाफ्ट, गिअर, क्रँक करणाऱ्या शेडमध्ये निळा डबा असतोच. झिजलेल्या टिपा कुणी फेकत नाही, त्यांचं भंगार लोखंडाच्या कितीतरी पट दरानं किलोवर जातं. हे भंगार वेगळं ठेवायची शिस्त इथल्या ऑपरेटरांना कुणी शिकवावी लागली नाही.

बाकीचे उपयोग भराभर सांगते. विमानाच्या टर्बाइनची पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूंची असतात, त्यांतल्या काहींत सहा-सात टक्के टँटलम असतो. संगणकाच्या चिपमध्ये तांब्याच्या बारीक तारा सिलिकॉनमध्ये झिरपू नयेत म्हणून मध्ये टँटलमचा थर देतात. आम्लाच्या कारखान्यांत नळ्यांना त्याचं अस्तर असतं. ज्या अम्लराजात सोनं विरघळतं, त्यात १५० अंशांपर्यंत टँटलमला काही होत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल मात्र त्याला खातं. आणि माणसाच्या शरीरानं त्याला पहिल्यापासून आपलं मानलंय. कवटीच्या पट्ट्या, खुब्याच्या सांध्याचे सच्छिद्र भाग त्याचे करतात, हाड त्याच्या छिद्रांत वाढत जातं.

हायड्रोफ्लोरिक आम्लाचा उल्लेख केला, तिथं थांबायला हवं, कारण बाजाराची किल्ली तिथं आहे. स्वीडनच्या अँडर्स एकेबर्गनं १८०२ साली टँटलम शोधला, पण तो नायोबियम या जुळ्या धातूपासून वेगळा काढायला रसायनशास्त्राला साठाहून अधिक वर्षं झगडावं लागलं. १८०९ साली तर वोलस्टनसारख्या माणसानं दोन्ही एकच असल्याचं जाहीर केलं होतं. १८६६ साली मारिन्याकनं फ्लोरिनच्या क्षारांचे स्फटिक पाडून ते वेगळे केले, आणि १९०३ मध्ये बर्लिनमध्ये फोन बोल्टन यांनी तार काढता येईल इतका शुद्ध टँटलम केला. त्या तारेचे विजेचे दिवे काही वर्षं चालले, मग टंगस्टननं त्यांना हटवलं. आजही दोन जुळे वेगळे करायचे तर खनिज हायड्रोफ्लोरिक आम्लातच विरघळवावं लागतं. हे काम घराच्या मागच्या शेडमध्ये होत नाही. असे कारखाने जगात काही डझनच आहेत. वर हजारो खड्डे, खाली कोट्यवधी फोन आणि कार्डं, आणि मध्ये एवढंसं तोंड.

आता त्या खड्ड्यांबद्दल. जगात वर्षाला साधारण २,००० टन टँटलम खाणीतून निघतो. चांदी वर्षाला २५,००० टनांच्या घरात निघते. म्हणजे टँटलम चांदीपेक्षा दहा पटींहून कमी. तरीही २०२३ मध्ये त्याच्या ऑक्साइडचा दर किलोमागे १७० डॉलरांच्या आसपास होता, आणि चांदीचा सातशे-साडेसातशे. आबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, कमी निघतंय तर महाग असाया पायजे की. साधा हिशेब तोच. पण ज्याच्या हातातून माल निघतो त्याला दर माहीत नसेल, दुसरा गिऱ्हाईक शोधायची सोय नसेल, तर कमी निघूनही माल स्वस्त जातो. माझं या धातूबद्दलचं सगळ्यात ठाम मत हेच आहे. याचा भाव कमीजास्त उत्पादनानं जितका ठरतो, तितकाच खणणाऱ्याच्या अडलेपणानं ठरतो.

खणणारा कोण, तर निम्म्याहून जास्त माल मध्य आफ्रिकेतून येतो, त्यात काँगोचा वाटा सगळ्यात मोठा. तिथं या काळ्या खनिजाला कोल्टन म्हणतात. उत्तर किवू प्रांतातल्या रुबाया गावाच्या डोंगरात हजारो माणसं फावड्यानं आणि हातानं माती उकरतात आणि ओढ्याच्या पाण्यात धुतात. हलकी माती वाहून जाते, जड कोल्टन तळाशी राहतं. लोखंडाच्या दुपटीहून जड असणं हा धातूचा गुण, आणि त्यामुळेच त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. एक माणूस, एक पाटी आणि एक ओढा पुरतो. जिथं यंत्र लागत नाही तिथं बंदूकवाल्याला ताबा घ्यायला वेळ लागत नाही. २०२४ च्या एप्रिलअखेर एम२३ या सशस्त्र गटानं रुबाया घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी त्या वर्षअखेरच्या अहवालात म्हटलं, की तिथल्या कोल्टनवर कर लावून हा गट महिन्याला किमान ८ लाख डॉलर कमावतोय आणि माल रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जातोय.

या गोष्टीचं मूळ २००० सालात आहे. मोबाइल फोन एकदम वाढले, कपॅसिटर कमी पडतील या भीतीनं कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त ऑर्डरी दिल्या, आणि पौंडभर वजनाला तीस-चाळीस डॉलरांचं खनिज वर्षभरात ३०० डॉलरांपलीकडे गेलं. पूर्व काँगोत शेतकरी शेतं टाकून खड्ड्यांत उतरले, काहुझी-बिएगाच्या राष्ट्रीय उद्यानात माणसं शिरली आणि तिथल्या गोरिलांची शिकार झाली. २००१ संपेपर्यंत भाव कोसळून मूळ जागी आला. जिथं दर रोज फळ्यावर लागतो तिथंही तेजी-मंदी येते, सट्टा होतो, हे मला कळतं. पण शेवटच्या माणसापर्यंत दराची खबर तरी पोचते. रुबायाच्या ओढ्यात उभ्या असलेल्या माणसाला तेजीची खबर सगळ्यात शेवटी मिळाली आणि मंदीचा फटका सगळ्यात आधी. २००८ च्या मंदीत ऑस्ट्रेलियातली वोजिना खाण टँटलमचं काम बंद करू शकली. डोक्यावर पाटी घेऊन उभ्या माणसाला बंद करायची सोय नव्हती.

२०१० मध्ये अमेरिकेनं कायदा केला, की कथील, टंगस्टन, सोनं आणि टँटलम कुठून आलं हे कंपन्यांनी तपासून सांगावं. हेतू चांगला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँगोच्या राष्ट्राध्यक्षांनी पूर्वेकडची हातखाणकामं काही महिने बंदच केली, आणि बऱ्याच परदेशी खरेदीदारांनी तिथला माल घेणंच सोडलं. भाकरी कुणाची गेली, तर खणणाऱ्याचीच. म्हणून 'काँगोचा माल नकोच' म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. माल घ्यावा, पण कुठल्या खड्ड्यातला, कुणाच्या हातून, किती दरानं, हे विचारून घ्यावा. आमच्या सड्यावरचं बॉक्साइट कुठल्या गावच्या रानातून निघालं, हे जिल्ह्यात कुणीही सांगेल. त्यावर भांडणं होतात, मोर्चे निघतात, ग्रामसभेत ठराव होतात. भांडता यायलाही आधी माहीत असावं लागतं.

परत मिळवायचं म्हटलं तर तेही अवघड आहे. कारखान्यातलं टँटलमचं भंगार बऱ्यापैकी परत वापरलं जातं, टिपांचंही काही प्रमाणात जातं. पण वापरून टाकलेल्या कार्डांतून एक टक्काही परत मिळत नाही. भंगारवाला जुनी कार्डं नेतो, ती पुढे सोनं आणि तांबं काढायला वितळवली जातात, आणि टँटलमचं त्या भट्टीत ऑक्साइड होऊन ते मळीबरोबर जातं. म्हणून चालणारं कार्ड चालत ठेवणं, हाच मला आत्ता दिसणारा सगळ्यात खरा पुनर्वापर. दुरुस्तीच्या कामाकडे मी धंदा म्हणून बघते, पण त्यात ही एक गोष्टही आहे.

भारत सरकारनं २०२३ मध्ये ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली, त्यात टँटलम आहे. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात तो वेगळा काढायचं तंत्र आहे. सतलजच्या वाळूत आयआयटी रोपारच्या संशोधकांना त्याचे अंश सापडले आहेत. या सगळ्यातून उद्या खाणी निघतील तेव्हा खणणाऱ्याला दर समजेल अशी सोय पहिल्या दिवसापासून असावी, असं मला मनापासून वाटतं. एकदा बाजार बंद दाराआड गेला की तो बाहेर काढणं किती कठीण, ते काँगोत दिसतंच आहे.

आणि आपल्याकडे, कोल्हापुरात, काय करता येईल? एक गोष्ट आत्ताच करता येते आणि ती बऱ्याच जणांच्या हातात येऊन गेलेली आहे. परदेशी गाड्यांच्या कंपन्यांना कास्टिंग पुरवणाऱ्या शिरोली, कागलच्या फाउंड्र्यांना दरवर्षी एक एक्सेल फॉर्म येतो. तुमच्या मालात टँटलम आहे का, असल्यास शुद्धीकरण कुठल्या कारखान्यात झालं, असे त्यात रकाने असतात. खरेदी खात्यातली मुलं सगळीकडे 'नाही' लिहून पाठवतात, आणि नुसत्या कास्टिंगसाठी ते उत्तर बरोबरच आहे. पण ज्यांच्या मालासोबत सेन्सर, कंट्रोलर किंवा पंपाचं कार्ड जातं, त्यांचं 'नाही' खरं नाही. त्यांनी कपॅसिटरच्या पुरवठादाराला कारखान्याचं नाव विचारायला हवं. खाण विचारली तर उत्तर मिळत नाही, मध्ये फार हात असतात. कारखान्याचं नाव विचारलं तर मिळू शकतं, कारण ते काही डझनच आहेत आणि त्यांतले बरेच बाहेरच्या तपासणीच्या यादीत असतात.

आमची खरेदी तशी लहान. तरी आता लॅमिंग्टन रोडच्या आणि बेंगळुरूच्या पुरवठादारांना दर विचारणाऱ्या मेलमध्ये आम्ही ही एक ओळ जास्तीची घालतो: पूड कुठल्या कारखान्याची? काहींनी कंपनीकडून पत्र मागवून पाठवलं, काहींना अजून एकदा विचारायचं आहे.